आज ती बोलत नाही

आमच्या निवृत्त प्राध्यापक मंडळाच्या मासिक सभेत पहिला विषय श्रद्धांजलीचा असतो. बाकीचे विषय वेळ उरला तर. सभेआधी कुणीतरी फळ्यावर गेलेल्याचं नाव लिहितो, नावाआधी 'कै.' लावतो, आणि तिथं आपलं नाव नाही हे पाहून बाकीचे चहाकडे वळतात. विमलवहिनी गेल्या त्या महिन्यात फळ्यावर 'कै. सौ. विमल शांतवन आढाव' असं लिहिलं होतं. आढाव सर आले, चष्मा पुसून फळ्यापुढे उभे राहिले आणि ओल्या फडक्यानं 'कै.' तेवढं पुसून टाकलं.

"राहू द्या की सर, पद्धत आहे," सचिव म्हणाले.

"कैलासाला गेली नाही ती. रेल्वे लायनीजवळच्या आमच्या दफनभूमीत आहे. मी स्वतः माती टाकून आलोय."

"मग काय लिहू?"

"वारली म्हणून लिहा. जे रीडिंग आलं ते लिहायचं."

हे शेवटचं वाक्य सोलापुरातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. आढाव सर आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचा आकडा पुस्तकात छापलाय तसाच, अगदी दशांशासकट आणणारी मुलं दर वर्षी असत. त्यांना सर भोपळा द्यायचे. एका मुलाचा आकडा पुस्तकापेक्षा बराच वर गेला होता. त्यानं तो घाबरत घाबरत तसाच लिहिला. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गाला सांगितलं, "सोलापूरची जमीन जरा जास्तच ओढते. एकदा आलेल्याला सोडत नाही. ह्यानं जे आलं ते लिहिलंय. तुम्ही जे यायला पाहिजे ते लिहिलंय. तुम्ही राजकारणात जा."

तो मुलगा म्हणजे नागेश. तो पुढं येणार आहे.

आढाव सर दिसायला काटकुळे. वर्षाचे बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि खिशात पेनाच्या जागी विजेचा टेस्टर. कुणाच्याही घरी गेले की आधी स्विचबोर्ड पाहत, मग माणसं. रविवारी चर्चला जाताना मात्र टाय, तोही मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात कुत्रीसुद्धा जीभ सैल सोडतात. गाताना त्यांचा सूर कधी लागला नाही, पण आवाज सगळ्यांत मोठा. विमलवहिनी क्वायरच्या पहिल्या रांगेत असत. त्या मागं वळून एकदा बघत, आणि सर कडव्यापुरते गप्प होत.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवलं. देव, दैव आणि प्राचार्य या तिघांवर माझा विश्वास नाही हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच जाहीर केलं होतं, म्हणून सर मला 'नास्तिकराव' म्हणत. आमची जोडी जमली ती भांडणामुळे. स्टाफरूममध्ये मी विचारायचो, "सर, प्रयोगाशिवाय तुम्ही सोल्डरिंगच्या तारेवरसुद्धा विश्वास ठेवत नाही. मग मेलेली माणसं उठणार, हे कसं काय मान्य करता?"

"प्रयोग चालू आहे अजून," ते डबा उघडत म्हणायचे. "निकाल लागला की कळवतो."

"आणि नाही लागला तर?"

"तर तुम्हाला कळवायला मी नसणार आणि ऐकायला तुम्ही नसणार. घ्या, शेंगाची चटणी घ्या."

त्यांना जुनाट म्हणायची सोय नव्हती. कॉलेजात पहिला संगणक आला तो त्यांनीच भांडून आणलेला. संस्थाचालकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कळफलकात गेलं. सरांनी तो रात्रभर पंख्याखाली वाळवला आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पहिलं वाक्य शिकवलं: "यंत्राला हार घालू नये. त्याला लाज नसते."

सत्काराचा त्यांना मनस्वी कंटाळा. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर. गावातल्या कुठल्याही बऱ्यापैकी निवृत्त माणसाच्या कपाटात इतक्या चादरी असतात की तो उन्हाळ्यात दुकान घालू शकेल. सर मिळालेली चादर घरी नेतच नसत. येताना वाटेत रेल्वे स्टेशनबाहेर जो कुणी झोपलेला दिसेल त्याच्या अंगावर टाकून मोकळे.

विमलवहिनी गेल्या तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी सरांना नेहमीचं सांत्वन दिलं. शरीर नश्वर, आत्मा अमर, वस्त्र बदलावं तसं वगैरे. सर दोन दिवस ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले आणि त्यांनीही तेच सुरू केलं, तेव्हा भडकले.

"साहेब, माझ्या बायकोचा आत्मा मला वेगळा असा कधी भेटला नाही. गुडघे धरून बसणारी, भाकरी थापताना पुटपुटणारी, हनुवटीवर तेल उडाल्याचा डाग असलेली एकच विमल मला माहीत आहे. उठली तर ती उठेल. डागासकट. नाही तर कुणीच नाही."

"म्हणजे तुमच्यात आत्मा..."

"आमच्यात माणूस मरतो, साहेब. पूर्ण मरतो. म्हणून तर उठवावा लागतो."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी त्या दिवशी घरी जाताना विचार केला की अख्ख्या खोलीत त्या बाईला खरोखर मेलेली मानणारे दोघंच होतो: मी आणि आढाव सर. मी तिथं थांबत होतो आणि ते पुढं जात होते, एवढाच फरक.

आता विमलवहिनींची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गुड फ्रायडेला त्या बोलत नसत. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एक शब्द नाही. हा काही चर्चचा नियम नव्हे. त्यांची आई बार्शीकडच्या खेड्यातली, ती असं करायची, म्हणून ह्याही करत. ज्या दिवशी येशूला क्रुसावर गप्प केलं गेलं त्या दिवशी आपण काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. ते अर्थात त्यांनी शनिवारी सांगितलेलं. एरवी वहिनींची जीभ म्हणजे चालू नळ. त्यामुळे तो दिवस त्यांना फार जड जायचा, आणि सरांना त्याहून जड.

"वर्षातले बाकीचे दिवस ती मला बोलून हरवते," सर म्हणत, "आणि त्या दिवशी न बोलून."

एकदा त्या दिवशी मी त्यांच्या घराजवळ होतो. दारात कलिंगडवाला आला. वहिनींनी एक कलिंगड उचललं, टिचकी मारली, कान लावला, आणि मान हलवली. दुसरं उचललं. टिचकी, कान, मान. कलिंगडवाला घाबरला.

"बाई, बोला की कायतरी! भाव उतरवतो. पण असं बघू नगा."

वहिनींनी तिसरं उचललं आणि आकाशाकडं पाहिलं. त्यानं भाव आणखी उतरवला, वर एक लहान कलिंगड फुकट दिलं आणि सरांना बाजूला घेऊन विचारलं, "लई वर्सं झाली का हो, वाचा जाऊन?"

"नाही," सर म्हणाले. "संध्याकाळी येते परत."

त्या वारल्यावरही तो दिवस सरांनी तसाच पाळला. स्वतः ते बोलत, पण घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही. "तिचा दिवस आहे," म्हणत.

आणि नेमक्या त्याच दिवशी नागेशनं सत्कार ठरवला.

नागेश शहराच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू, आणि परीक्षेच्या दिवसांत मागांच्या खडखडाटात अभ्यास होत नाही म्हणून आढाव सरांच्या घरी मुक्काम. वहिनींच्या हातच्या भाकरी खाऊन तो इंजिनियर झाला. आता पुण्यात त्याची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी आहे, डोक्यावरचे केस गेलेत आणि पोट आलंय, पण सरांसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. त्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेला सगळी नवी उपकरणं दिली आणि कुलूप उघडायला सरांना बोलावलं. शुक्रवार सुट्टीचा, पुण्याची मंडळी सोयीनं येतील, म्हणून तारीख ती. कॉलेजच्या फाटकावर फलक लागला. त्यात सरांचा फोटो, अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली 'सर्व ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'.

सर त्या फलकासमोर स्कूटर थांबवून बराच वेळ उभे होते.

"आमच्या घरात मयत झालंय, त्याच्या शुभेच्छा आहेत ह्या," ते मला म्हणाले.

"जाऊ नका मग."

"पोरानं उपकरणं दिलीत. मुलांच्या कामाची आहेत. कुलूप उघडतो आणि येतो. पण चादर नाही, हार नाही, फेटा तर अजिबात नाही. आजच्या दिवशी आमच्या गुरूच्या डोक्यावर काय घातलं होतं माहीत आहे ना?"

मला माहीत होतं: काट्यांचा मुकुट. फेट्याचं त्यांनी नागेशला सांगितलं, नागेशनं अध्यक्षांना, आणि अध्यक्षांनी तो स्वतः बांधून घेतला.

दुपारची तीन तासांची उपासना आटोपून सर पाच वाजता सभागृहात आले. बाहेर ऊन अजून पांढरंफेक. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात सर कमी आणि संस्था जास्त होती. मग नागेश उठला. "सरांसाठी आमच्याकडून एक भेट आहे," एवढंच म्हणाला.  दिवे मालवले आणि व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्यावर विमलवहिनी आल्या.

फोटो नव्हे, आणि चित्रफीतही नव्हे. त्या हलत होत्या, पापण्या मिटत होत्या, आणि पडद्यातून थेट सरांकडे बघत होत्या. करोनात चर्चची उपासना मोबाईलवर गेली तेव्हा बायबलातला शास्त्रपाठ वहिनीच वाचायच्या. त्या सगळ्या वाचनांवरून आणि नागेशला त्यांनी पाठवलेल्या लांबलचक निरोपांवरून नागेशच्या कंपनीनं हे घडवलं होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "किती वाळलात! जेवता ना वेळेवर?"

सभागृहात हशा झाला आणि लगेच नाकं ओढल्याचे आवाज. मी कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस, पण माझ्याही अंगावर काटा आला. ती 'अहो' म्हणण्याची पद्धत, शेवटाला किंचित खेचून, अगदी तीच होती.

सर खुर्चीतून उठलेले मला दिसले. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. एखादं उपकरण तपासावं तसं त्यांनी वहिनींच्या हनुवटीकडे पाहिलं. डाग नव्हता. तो कुणीतरी चांगल्या मनानं काढून टाकला होता.

"बोला की सर," नागेशनं त्यांच्या हातात माईक दिला. "काय पण विचारा. उत्तर देतील काकू."

 सर म्हणाले, "विमल, आज दिवस कोणता?"

"आज शुक्रवार," वहिनी हसून म्हणाल्या. "गुड फ्रायडे. तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!"

टाळ्या झाल्या. सरांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कडुनिंबावर अजून ऊन होतं.

"आणि सूर्य मावळला का?"

"नाही अजून. पण छान संध्याकाळ होतेय. उन्हाची काळजी घ्या हं."

सर आमच्याकडे वळले. "ह्या बाई कोण आहेत मला माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आवाज ओळखीचा आहे. पण माझी बायको आज बोलत नाही."

त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि ते पायऱ्या उतरले. भाषण संपलं असं वाटून अध्यक्षांनी टाळ्या सुरू केल्या. जाता जाता सर प्रयोगशाळेपाशी थांबले, कुलूप उघडलं, आत जाऊन एकेक दिवा लावून पाहिला, आणि घरी गेले. आले होते ते काम त्यांनी करून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर नागेश आधीच येऊन बसला होता. मधल्या टेबलावर एक टॅबलेट, त्यावर वहिनींनी विणलेला क्रोशाचा रुमाल टाकलेला. कालच्या गोंधळानंतर नागेशनं पडद्यावरच्या वहिनी त्या टॅबलेटमधे घालून घरी पोचत्या केल्या होत्या.

"या नास्तिकराव," सर म्हणाले. "आमच्याकडे वाद चाललाय, पंच पाहिजे होता."

"ऐकलंत का परत?" मी टॅबलेटकडे पाहून विचारलं.

"ऐकलं की. काल सूर्य मावळल्यावर. तिचा दिवस संपला होता."

"मग?"

"काम चोख आहे. आवाज तिचा. मी तिला सांगितलं, विमल, तुझं शिलाई मशीन मी चर्चच्या बायकांना देऊन टाकलं. काय म्हणाली असेल?"

वहिनींचं ते मशीन म्हणजे त्यांचा जीव. कुणाला हात लावू देत नसत. "आठवडाभर बोलल्या नसत्या," मी म्हणालो.

"म्हणाली, 'तुम्ही योग्यच केलंत.'" सर आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "योग्य! सगळ्या संसारात मी एकदाही योग्य केलं नव्हतं, आणि मेल्यावर एकदम योग्य?"

मला हसू आलं. नागेशला आलं नाही.

"सर, ते बदलता येतंय," तो म्हणाला. "सेटिंगमधे राग वाढवू शकतो आपण."

"किती वाढवायचा ते कोण ठरवणार?"

"तुम्ही."

"मग ती माझ्याच बोटावर नाचणार की. हे तिनं जिवंतपणी कधी केलं नाही, आणि मी आता करायला लावू?"

 नागेशनं स्वतःचा मोबाईल काढला. "सर, मी पैले अम्माचं बनवलंय," तो म्हणाला. "अम्मा गेली तवा मी पुण्यात होतो. पोचलो तर सगळं झालं होतं. आता रोज ऑफिसला जाताना बोलतो तिच्याशी. तेलुगूत. मला वाटलं तुमाला पण बरं वाटेल. एवढंच होतं, सर. दुसरं काय नव्हतं."

नागेशचं घर पूर्व भागात आणि सर त्याच्या लग्नालाही गेलेले, पण त्याला अम्मा शेवटची भेटली नव्हती हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला.

"रागावते का रे ती कधी?"

"नाय, सर."

"तुझी अम्मा? मला चांगली आठवते. मार्क कमी पडले म्हणून तुला माझ्या दारात झाडूनं हाणली होती."

नागेश डोळे पुसत हसला. "आता नाय रागवत."

"तुझ्या अम्माला बंद कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं आणि तिचं. पण हे माझ्या घरातलं काढ."

"सर, एकदा काढलं की परत येत नाय. दुसरी प्रत ठेवली नाय मी. तुमच्यासाठी एकच बनवली होती."

"बरं केलंस."

मला वाटलं आता आपण बोलावं. मी पंच होतो ना. "सर, एक विचारू?" मी म्हणालो. "तुमचं ते उठणं मी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ह्या पोराचं यंत्रही मी मानत नाही. पण दोन खोट्यांतलं हे निदान बोलतं तरी. तुमच्याकडे काय आहे? एक थडगं आणि एक वायदा. ठेवा की राहू देत. संध्याकाळी चार शब्द कानावर पडतील."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत स्टाफरूममधली जुनी चमक आली.

"नास्तिकराव, ती मेली हे तुम्ही मानता?"

"मानतो."

"मीही मानतो. इथवर आपलं रीडिंग एकच आहे. पुढचा आकडा तुम्ही शून्य लिहिता, मी जागा मोकळी सोडतो. ह्यानं काय केलंय? पुस्तकात छापलाय तो आकडा आणून ठेवलाय. ती मेलीच नाही असा." ते नागेशकडे वळले. "आणि तू ह्याच्या उलट केलंस म्हणून मी तुला पैकीच्या पैकी दिले होते."

नागेशनं टॅबलेटवरचा रुमाल सरळ केला.

"मला तिची सोबत नको असेल असं वाटतं का तुम्हाला?" सरांचा आवाज चढला. "घरात भिंती बोलायला लागल्यात. पण मी तिची वाट बघतोय. आणि वाट बघणाऱ्यानं भलत्यालाच आत घेऊन पाट मांडायचा नसतो. खरी आली तर तिनं बसायचं कुठं?"

त्यांनी रुमाल उचलला आणि टॅबलेट सुरू केला. वहिनी आल्या, डाग नसलेल्या. सर त्यांच्यासमोर बसले आणि काहीच बोलले नाहीत. आम्हीही नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "अहो? ऐकताय ना?"

सर गप्प.

"तुम्ही आहात ना तिथं? मी तुमची काही मदत करू का?"

"बघा," सर हळूच म्हणाले. "हिला गप्प बसता येत नाही."

ते नागेशकडे वळून म्हणाले, "कुठं दाबायचं?" नागेशनं दाखवलं. सरांचं बोट काचेजवळ जाऊन थांबलं.  पडद्यावरची बाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. मग त्यांनी बोट टेकवलं, यंत्रानं 'नक्की ना?' असं विचारलं, आणि त्यांनी पुन्हा टेकवलं. काच काळी झाली, आणि तिच्यात छताचा पंखा दिसायला लागला.

नागेशनं आत जाऊन स्वतःच चहा केला. त्या घरातला साखरेचा डबा त्याला अजून न विचारता सापडत होता.  चहा अर्धा झाल्यावर सर कपाकडे बघत म्हणाले, "आवाज मात्र तिचाच होता रे."

उठताना मला म्हणाले, "उद्या पहाटे या दफनभूमीत. ईस्टरची उपासना असते उजाडताना, आमचा गुरू उठला त्या दिवसाची. थिअरी तुमच्या डोक्यात बसत नाही. निदान प्रॅक्टिकल बघा."

मी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. कुतूहल म्हणू. रेल्वे लायनीच्या कडेला त्यांची जुनी दफनभूमी. सगळ्या थडग्यांना चुना फासलेला, प्रत्येकावर झेंडूची फुलं नाहीतर मेणबत्ती, आणि नव्या कपड्यांतली माणसं आपापल्या मेलेल्यांभोवती गोळा झालेली. पोरं थडग्यांवरून उड्या मारत होती आणि त्यांना कुणी ओरडत नव्हतं. मला वाटलं होतं गंभीर काही असेल. प्रत्यक्षात कुणीतरी प्रवासाहून येणार म्हणून सगळं घर स्टेशनावर आल्यासारखं वाटत होतं. गाडीची वेळ मात्र कुणालाच माहीत नव्हती.

फाटकाशी नागेश उभा होता, अनवाणी. बूट त्यानं बाहेर काढून ठेवले होते.

"बूट घाल बाबा," सर ओरडले. "देऊळ नव्हे हे, काटे आहेत. तू पायात काटा घेऊन बसलास तर तुझी अम्मा मला बोलेल. खरी."

सूर्याची कड दिसली तशी सगळ्यांनी गाणं उचललं. सरांनीही. सूर नेहमीप्रमाणे चुकलेला, आणि पहिल्या रांगेतून मागं वळून बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते शेवटच्या कडव्यापर्यंत मोकाट गायले.

उपासना संपल्यावर लोक कागदी पिशव्यांतले केक आणि उकडलेली अंडी वाटू लागले. सरांनी मला वहिनींच्या थडग्याशी नेलं. शेजारी एक जागा रिकामी होती. गवत काढून साफ केलेली.

"ही माझी," ते म्हणाले. "आमच्यात पाय पूर्वेकडं करून ठेवतात. का, माहीत आहे? उठून बसल्यावर तोंड थेट उजेडाकडं."

मी पूर्वेकडे पाहिलं. "तिकडं मोबाईलचा टॉवर आहे, सर."

"दिसतोय मला. तो तोवर पडेल."

असं म्हणून त्यांनी चष्मा खिशात ठेवला, टाय सरळ केला, आणि पांढऱ्या सदऱ्यासकट त्या रिकाम्या जागेवर सरळ उताणे झोपले. केक वाटणाऱ्या एका बाईनं "अगं बाई" म्हटलं. नागेश धावत आला. सरांनी हातानं त्याला थोपवलं. बाजूला वहिनी, वर चिमण्या, पायाशी उगवतीचं ऊन. ते डोळे मिटून तसेच पडून राहिले, वहिनींच्या शुक्रवारासारखे, एक शब्द न बोलता.

त्यानंतर मी मुलीकडे नाशिकला गेलो, आणि परत यायच्या आत ते वारले. नागेश आणि चर्चमधल्या लोकांनी त्यांना त्या जागेत ठेवलं. मंडळाच्या फळ्यावर सचिवांनी नाव लिहिलं तेव्हा 'कै.' लावलं नव्हतं असं ऐकलं. मी त्यांना वारलेलं पाहिलं नाही. माझं शेवटचं रीडिंग ईस्टरच्या त्या सकाळचं आहे, आणि जे आलं तेच लिहितो आहे.

थोड्या वेळानं सरांनी डोळे उघडले आणि उठायला लागले. गुडघे धरलेले, कोपर मातीत, चेहरा वेदनेनं आक्रसलेला. एकदा अर्धे उठून परत टेकले. मी वाकून हात पुढं केला.

त्यांनी तो बाजूला सारला.

"हात नको," धापा टाकत म्हणाले. "सवय करू द्या."

आणि आधी कोपरावर, मग एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या, पाठीला माती, केसांत गवत, असे ते आपले आपण उठून उभे राहिले.